वाचनखुणांची नक्कल

जुन्या मराठी कागदांचा हिंदीत तर्जुमा करून देणं हे माझं काम. इंदूरच्या तुकोगंजात हे काम मिळतं, कारण उच्च न्यायालयाचं खंडपीठ इथेच एम. जी. रोडला आहे आणि आसपासच्या गल्ल्यांत वकिलांच्या पाट्या आहेत. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांच्या वाटण्या, मृत्युपत्रं, गहाणखतं, भावाभावांतली पत्रं अजून दाव्यांत पुढे येतात. वकील हिंदी वाचतो, इंग्रजी वाचतो; कागद मात्र मराठीत असतो, कधी मोडीत. तर्जुमा दिला की पहिला प्रश्न येतो : हा अर्थ कुठून घेतला? मग पानासकट दाखवावं लागतं.

ते दाखवण्याची माझी सोय म्हणजे ब्राउझरमधले बुकमार्क, आपल्या वाचनखुणा. त्यांचे कप्पे केले आहेत. ‘मोजमापं’ या कप्प्यात बिघा-बिस्वा आणि जुनी वजनं. ‘तारखा’ या कप्प्यात शुहूर सन, फसली सन आणि शक यांचा मेळ घालणारी कोष्टकं. ‘हुद्दे’मध्ये कमाविसदारापासून पोतनिसापर्यंत सगळी मंडळी. ‘कोश’मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संस्थळावरचा मोल्सवर्थ आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. ‘होळकर’मध्ये ल्यूअर्डचं १९०८चं इंदूर संस्थानाचं गॅझेटियर, वा. वा. ठाकूर यांनी संपादित केलेली ‘होळकरशाहीच्या इतिहासाची साधने’ आणि असंच बरंच काही. यातली बरीच पानं गूगलला विचारून पहिल्या फटक्यात सापडत नाहीत. एकेका खुणेमागे एखादी संध्याकाळ गेलेली असते. संगणक बाजारात पुन्हा मिळतो, ही यादी मिळत नाही. म्हणून तिची नक्कल कशी ठेवायची आणि गरज पडली की परत कशी बसवायची, ते सांगणार आहे. तेही काळ्या खिडकीत एक ओळ लिहून, म्हणजे कमांड लाइनवरून. संगणकाच्या धंद्यात नसलेल्या माणसालाही हे जमतं, याची मला खात्री आहे.

आमच्या आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये संगणकाची दुकानं दाटीनं आहेत. तिथे पेन ड्राइव्ह घेताना दुकानातल्या मुलाला सांगितलं की बुकमार्कांची नक्कल ठेवायची आहे. तो म्हणाला, “दीदी, उसकी क्या ज़रूरत? लॉगिन कर लो, गूगल में सब सेव रहता है।” सगळ्यांची समजूत हीच असते, आणि ती निम्मी बरोबर आहे. खात्यात लॉगिन केलं की घरचा संगणक, फोन आणि ऑफिसचा संगणक तिघांवर एकच यादी दिसते. त्याला सिंक म्हणतात. पण सिंक म्हणजे तीन वह्यांवर एकाच वेळी चालणारी एकच पेन्सिल आणि एकच खोडरबर. फोनवर नातवानं एखादा कप्पा पुसला की तो तिन्हीकडून पुसला जातो, आणि तोही तत्परतेनं. काल ही यादी कशी होती, हे सिंक आपल्या हाती देत नाही. नक्कल देते.

शिवाय दुसऱ्याच्या दारात ठेवलेली वस्तू दार उघडं असेपर्यंतच आपली. डिलिशस नावाची सेवा २००३मध्ये निघाली. लोक आपल्या खुणा तिथे ठेवायचे, एकमेकांच्या बघायचे. २००५मध्ये ती याहूनं घेतली, मग ती हातोहात फिरत राहिली आणि २०१७मध्ये पिनबोर्ड या तशाच दुसऱ्या सेवेच्या मालकानं विकत घेऊन नव्या नोंदी बंद केल्या. एक्समार्क्स हे तर वेगवेगळ्या ब्राउझरांतल्या खुणा जुळवून ठेवण्यासाठीच होतं. ते १ मे २०१८ रोजी बंद झालं. गूगल बुकमार्क्स नावाची गूगलची वेगळी सेवा ३० सप्टेंबर २०२१ला मिटली. पुढे वाचायचे लेख साठवण्याचं मोझिलाचं पॉकेट ८ जुलै २०२५ला गेलं. यातल्या प्रत्येकीनं आपापली यादी उतरवून घ्यायला मुदत दिली होती. पण मुदतीची ईमेल जाहिरातींच्या ढिगात पडली, की खुणा गेल्या.

आता मुख्य गोष्ट. आपल्या खुणा संगणकात नक्की कुठे असतात?

क्रोममध्ये त्या एका फाईलमध्ये असतात. तिचं नाव बुकमार्क्स. नावापुढे टिंब नाही, शेपूट नाही, त्यामुळे डबल-क्लिक केलं तर संगणक गोंधळतो. पण नोटपॅडमध्ये उघडली की साधा मजकूर दिसतो. एज, ब्रेव्ह आणि क्रोमियम हे ब्राउझर त्याच पायावर उभे असल्यानं त्यांचीही फाईल तशीच, फक्त जागा वेगळी. ही फाईल एकदा डोळ्यांनी बघावी असं मी आवर्जून सांगते. भीती जाते.

माझ्या फाईलमधली एक नोंद घेते. महिरपी कंसात काही ओळी. एका ओळीत नाव : ‘इंदूर, मराठी विकिपीडिया’, अगदी मी लिहिलं तसं देवनागरीत. दुसरीत खूण कधी केली ती वेळ, आणि ती तारखेसारखी दिसत नाही. सलग सतरा आकडे असतात. १ जानेवारी १६०१पासून किती मायक्रोसेकंद झाले, अशी ती मोजणी आहे. त्याला दहा लाखांनी भागायचं आणि ११,६४,४४,७३,६०० वजा करायचे, की १९७०पासून सेकंद मोजणारी संगणकाची नेहमीची वेळ मिळते. मला याचा खरोखर उपयोग झाला आहे : एखादा अर्थ मी कोणत्या दाव्याच्या वेळी शोधला होता, ते यावरून कळतं.

तिसऱ्या ओळीत पत्ता. इथे मराठी माणसानं थोडं थांबावं. पत्त्यातला ‘इंदूर’ हा शब्द फाईलमध्ये ‘इंदूर’ असा दिसतच नाही. इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार आणि र अशी त्याची पाच चिन्हं. प्रत्येक चिन्हाला संगणक तीन बाइट देतो आणि प्रत्येक बाइट पत्त्यात टक्क्याचं चिन्ह आणि पुढे दोन अक्षरं असा लिहितो. पाच त्रिक पंधरा, पंधरा त्रिक पंचेचाळीस. एवढ्याशा इंदूरची पंचेचाळीस चिन्हांची माळ होते. असा पत्ता हातानं उतरवून घेणं कुणाला शक्य नाही. पुष्कळजण महत्त्वाचे पत्ते डायरीत लिहून ठेवतात. इंग्रजी पत्त्याला ते चालतं, मराठी पत्त्याला चालत नाही. नक्कल फाईलचीच हवी.

आणि ती करायची एका ओळीत. आज्ञा मी इथे उच्चारात लिहिते. टंकताना रोमन अक्षरं वापरायची. लिनक्सवर :

सीपी ~/.कॉन्फिग/गूगल-क्रोम/डिफॉल्ट/बुकमार्क्स ~/नकला/

सीपी म्हणजे उतरवून घे. मग जागा सोडून मूळ फाईलचा पत्ता, पुन्हा जागा सोडून नक्कल ठेवायचा पत्ता. ‘नकला’ हे फोल्डर आधी करून ठेवलेलं असावं. सुरुवातीचं नागमोडी चिन्ह म्हणजे आपलं घरचं फोल्डर. ‘डिफॉल्ट’ आणि ‘बुकमार्क्स’ यांची पहिली अक्षरं मोठ्या लिपीतली, बाकी सगळं लहान. लिनक्सला हा फरक कळतो, आणि चुकलं तर तो ‘अशी फाईल नाही’ म्हणतो. विंडोजवर सीपीच्या जागी ‘कॉपी’ लिहायचं, आणि फाईल सापडते ती युजर्स, आपलं नाव, ॲपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, युजर डेटा, डिफॉल्ट या वाटेनं. या वाटेत ‘युजर’ आणि ‘डेटा’ यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. म्हणून अख्खा पत्ता दुहेरी अवतरणचिन्हांत घालावा लागतो, नाहीतर संगणक तिथेच पत्ता संपला असं समजतो. विंडोजवर नवशिक्याची आज्ञा अडते ती बहुतेक याच जागेवर.

एकाच संगणकावर घरातली दोन-तीन माणसं आपापल्या चित्रासह क्रोम वापरत असतील तर ‘डिफॉल्ट’च्या जागी ‘प्रोफाइल १’, ‘प्रोफाइल २’ असं असतं. आपलं कोणतं, हे क्रोमच सांगतो : पत्त्याच्या पट्टीत क्रोम, कोलन, दोन तिरक्या रेघा आणि व्हर्जन असं लिहायचं, उघडलेल्या पानावर ‘प्रोफाइल पाथ’ समोर पूर्ण वाट दिसते. तीच उचलायची. त्या फोल्डरात नावामध्ये ‘बुकमार्क्स’ असलेल्या एकाहून अधिक फाईली दिसल्या तर सगळ्याच घ्याव्यात. नव्या क्रोममध्ये खात्यातल्या खुणा वेगळ्या फाईलमध्ये असू शकतात. शेजारी ‘बॅक’ शेपटाची एक फाईल असते, ती क्रोमनं स्वतः ठेवलेली मागची प्रत. तिच्यावर मात्र विसंबू नये. ती एकच असते, आणि ब्राउझर दोन-चारदा उघडला-मिटला की तिच्यावरही नवी, बिघडलेली यादी चढलेली असते.

रोज नक्कल घ्यायची तर कालच्या नकलेवर आजची चढता कामा नये, म्हणून नावात तारीख हवी. लिनक्स आणि मॅकवर ‘डेट’ या आज्ञेला मांडणी सांगितली की ती तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी देते. हा क्रम फार कामाचा आहे, कारण अशा फाईली नावानं लावल्या की आपोआप काळानुसार लागतात. मग हे काम रोज दुपारी एकला करण्यासाठी ‘क्रॉन’ला, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या व्यवस्थेला, सांगायचं. इथे एक अडचण ठरलेली : क्रॉनच्या यादीत टक्क्याच्या चिन्हाला वेगळा अर्थ आहे, आणि तारखेच्या आज्ञेत नेमकं तेच चिन्ह असतं. काळ्या खिडकीत चाललेली ओळ क्रॉनमध्ये बंद पडते ती यामुळे. उपाय सोपा आहे. ती ओळ एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवायची आणि क्रॉनला फक्त त्या फाईलचं नाव सांगायचं. संगणक दुपारी एकला बंद असेल तर क्रॉन तो दिवस सोडून देतो, तेव्हा आपण हमखास संगणकावर असतो ती वेळ निवडावी. विंडोजवर हेच काम टास्क शेड्यूलर करतो. जागेची काळजी नको. काही हजार खुणांची फाईल फार तर दोन-चार एमबीची भरते, फोनवरच्या एका फोटोएवढी.

फायरफॉक्सचं घर निराळं आहे. २००८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यानं खुणा आणि भेट दिलेल्या पानांचा इतिहास एकत्र करून ‘प्लेसेस’ नावाच्या डेटाबेसमध्ये ठेवला. ही फाईल ब्राउझर चालू असताना नुसती सीपीनं उचलू नये. ताज्या नोंदी शेजारच्या ‘वॉल’ नावाच्या फाईलमध्ये असतात आणि अर्धीमुर्धी नक्कल हाती येते. ब्राउझर मिटून मगच उचलावी. पण फायरफॉक्सची एक गोष्ट मला मनापासून आवडते. आपल्या फोल्डरात तो ‘बुकमार्कबॅकअप्स’ नावाचा कप्पा ठेवतो आणि त्यात खुणांच्या तारीखवार नकला, सर्वसाधारणपणे पंधरा, स्वतःच सांभाळतो. नकलेच्या नावात तारीख असतेच, पुढे त्या दिवशी एकूण किती खुणा होत्या तो आकडाही असतो. एलएस म्हणजे ‘यादी दाखव’ एवढं लिहिलं, की एकाखाली एक तारखा आणि आकडे दिसतात. कप्पा कधी पुसला गेला हे कुणाला आठवत नसेल तरी तिथे दिसतं : ओळीनं जवळजवळ सारखे आकडे, आणि एका तारखेला एकदम घसरलेला आकडा. त्याच्या आदल्या दिवसाची फाईल आपली. फायरफॉक्सच्या बुकमार्क-व्यवस्थापकात ‘रिस्टोअर’ म्हणून ती निवडायची. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं, की रिस्टोअर आजची यादी काढून टाकून ती जुनी बसवतो. म्हणून आधी आजचीही एक नक्कल.

हे सगळं ब्राउझरच्या मेनूतूनही होतं, मग काळी खिडकी कशाला, असं कुणी विचारेल. एक कारण वर आलंच : मेनू रोज कुणी उघडत नाही, क्रॉन मात्र रोज नक्कल घेतो. दुसरं कारण आमच्या बिल्डिंगमधल्या अण्णांच्या लॅपटॉपनं दाखवलं.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. साउथ तुकोगंजात नाथ मंदिरात रोज जातात आणि उरलेला वेळ घराण्याच्या कुळवृत्तांताला देतात. कोकणातून निघून सातारा, मग होळकरांच्या चाकरीत महेश्वर, मग इंदूर अशी त्यांच्या घराण्याची वाट, आणि त्या वाटेवरच्या प्रत्येक मुक्कामाचा एक कप्पा बुकमार्कांत. एके सकाळी विंडोज सुरूच होईना. ते लॅपटॉप बगलेत धरून वर आले.

“अगं, हा उघडतच नाही. म्हणजे सगळं गेलं का गं?”

“अण्णा, विंडोज गेलंय. डिस्क शाबूत असेल तर तुमचं काही गेलेलं नाही. बसा तुम्ही.”

विंडोज न उघडणाऱ्या लॅपटॉपमध्ये क्रोमही उघडत नाही, आणि क्रोम नाही तर त्याचा मेनूही नाही. पण फाईल डिस्कवर असतेच. उबंटू लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह लावून मी लॅपटॉप त्यावरून सुरू केला. सुरुवातीला तो ‘इन्स्टॉल’ की ‘ट्राय’ असं विचारतो, तिथे ‘ट्राय’ म्हणायचं, म्हणजे डिस्कवर काही लिहिलं जात नाही. अण्णांची डिस्क बाजूच्या यादीत दिसली. हल्लीच्या पुष्कळ विंडोज लॅपटॉपांची डिस्क कुलूपबंद असते आणि अशा वेळी ४८ आकड्यांची किल्ली मागते. मायक्रोसॉफ्टचं खातं जोडलेलं असेल तर ती किल्ली बहुधा त्या खात्यात मिळते. ज्यांच्याकडे नवा लॅपटॉप आहे त्यांनी ती आजच लिहून ठेवावी. अण्णांचा जुना, कुलूप नसलेला. युजर्स, त्यांचं नाव, ॲपडेटा, लोकल... एकेक फोल्डर उघडत गेले, आणि ‘डिफॉल्ट’मध्ये ‘एलएस -एल’ म्हटल्यावर बुकमार्क्सची ओळ आली, तीत फाईलचा आकार आणि आदल्या रात्रीची वेळ. अण्णा चष्मा वर करून म्हणाले, “काल रात्री चिपळूणचं पान ठेवलं होतं बघ, तेच हे.” एक सीपी, आणि फाईल पेन ड्राइव्हवर. पासवर्ड असे येत नाहीत, ते वेगळ्या फाईलमध्ये आणि कुलूप लावून ठेवलेले असतात. बुकमार्कांना कुलूप नसतं. म्हणूनच ते असे सोडवता येतात, आणि म्हणूनच नकलेचा पेन ड्राइव्ह कुठेही टाकून ठेवू नये. आपण काय वाचतो, कुठल्या डॉक्टरचं पान बघतो, सगळं त्यात उघडं असतं.

परत बसवताना घाई नडते. नव्या लॅपटॉपवर क्रोम उघडा ठेवून जुनी फाईल तिच्या जागी ठेवली तर काही उपयोग नाही. क्रोम आपली यादी मनात धरून असतो. पुढची खूण केली की ती यादी तो फाईलवर लिहितो आणि आपण ठेवलेलं पुसलं जातं. म्हणून क्रोम पूर्ण मिटायचा. खिडकी बंद केली तरी विंडोजवर तो मागे चालू राहू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये बघून घ्यावं. सिंकही आधी थांबवायचं, नाहीतर गूगलकडची यादी आणि ही यादी एकत्र होऊन एकेक खूण दोनदा दिसायला लागते. नव्या लॅपटॉपवर आधीच काही खुणा असतील तर ती फाईल दुसऱ्या नावानं बाजूला ठेवायची. मग जुनी फाईल तिच्या जागी, नाव अगदी तेच, शेपूट नको. मग क्रोम उघडायचा.

नक्कल खरोखर उपयोगी आहे का, हे संकटाच्या दिवशी नव्हे, निवांत दिवशी तपासावं. त्यासाठी चालत्या ब्राउझरला हात लावायची गरज नाही. क्रोम सुरू करताना ‘युजर-डेटा-डिर’ या पर्यायापुढे एखाद्या रिकाम्या फोल्डरचं नाव द्यायचं, की तो कोरा करकरीत उघडतो. तो मिटून त्या फोल्डरातल्या ‘डिफॉल्ट’मध्ये नक्कल ठेवायची आणि त्याच आज्ञेनं पुन्हा उघडायचा. आपले कप्पे दिसले तर नक्कल चांगली. बघून झालं की ते फोल्डर पुसून टाकायचं. फायरफॉक्सला ‘प्रोफाइल’ हा पर्याय देऊन हेच करता येतं.

नक्कल नुसती पडून राहते असंही नाही. क्रोमची नक्कल साध्या मजकुराची फाईल असल्यानं तिच्यात ‘ग्रेप’ या आज्ञेनं शोधता येतं, आणि नावं देवनागरीत असल्यानं मराठीत शोधता येतं. मात्र मराठीची एक गाठ इथे आडवी येते. ‘कारभाऱ्यांची पत्रं’ अशी खूण आहे आणि ‘कारभाऱ्यांची’ असं शोधलं तरी ती कधीकधी सापडत नाही. कारण ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकात दोन रीतींनी लिहिलं जातं : एकात खाली टिंब असलेला ऱ, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्या पायमोडीनंतर डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह. फोनच्या कळफलकानं एक लिहिलं आणि संगणकाच्या कळफलकानं दुसरं, तर दिसायला सारखे शब्द ग्रेपला वेगळे वाटतात. ‘ॲडव्होकेट’मधल्या ‘ॲ’चंही तेच. म्हणून मी ‘कारभा’ एवढंच शोधते, दोन्ही हाती लागतात.

आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप मला इतका मोलाचा वाटतो, ती. बुकमार्क पान जपत नाही, फक्त पत्ता जपतो. पत्ते मरतात. शिकागोच्या शब्दकोशांच्या जुन्या पत्त्यांत त्या यंत्राचा क्रमांकसुद्धा असायचा. यंत्र बदललं आणि ते पत्ते गेले. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेशी जोडलेला मोठा सरकारी प्रकल्प होता. हजारो जुनी मराठी पुस्तकं तिथे पान न् पान उतरवून ठेवलेली होती, आणि मराठीत इतिहासाचं काही करणाऱ्या माणसाच्या ब्राउझरमध्ये तिथल्या खुणांची रांग असायची. २०१७च्या सुमारास ते संस्थळ बंद झालं. खुणांवर क्लिक केलं की काहीच उघडेना. अनेकांनी वैतागून त्या खुणा पुसून टाकल्या.

पुसायला नको होत्या. त्यातली पुष्कळ पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर गेलेली आहेत. पण तिथे त्यांची मराठी नावं रोमन लिपीत, वाटेल तशी लिहिलेली आहेत. एकाच ग्रंथाचे दोन भाग दोन वेगळ्या स्पेलिंगांखाली मिळतात, लेखकाचं नाव कधी असतं, कधी नसतं. मराठीत शोधलं तर ती सापडत नाहीत. ज्यांच्या जुन्या यादीत पुस्तकाचं नाव, संपादक, वर्ष असं स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं होतं, त्यांना निदान काय शोधायचं ते माहीत होतं. मेलेला पत्ताही कामाचा असतो : इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन १९९६पासूनची पानं साठवून आहे, आणि तिथे जुनं पान मागायचं तर जुना पत्ता अचूक हातात असावा लागतो. पंचेचाळीस चिन्हांच्या माळा कुणाला पाठ नसतात. पुस्तकांच्या आतली पानं वेबॅककडे क्वचित असतात, पण साध्या लेखांची पानं मला तिथून पुष्कळदा मिळाली आहेत.

म्हणून माझ्या यादीत ‘गेलेले’ असा एक कप्पा आहे. ‘कर्ल’ या आज्ञेला तसं सांगितलं की ती पान न उतरवता नुसतं दार वाजवून बघते : २०० असं उत्तर आलं तर पान आहे, ३०१ आलं तर ते नव्या पत्त्यावर गेलंय आणि तो पत्ताही शेजारी लिहिलेला असतो, ४०४ आलं तर नाही. ज्या खुणा ४०४ म्हणतात त्या मी ‘गेलेले’मध्ये हलवते, पुसत नाही. आणि नवी खूण करताना ब्राउझरनं सुचवलेलं नाव तसंच ठेवत नाही. ‘होम’ किंवा ‘अनटायटल्ड’ या नावांवरून पुढे काहीच शोधता येत नाही. ‘शुहूर सन कोष्टक, छापील ग्रंथाचं पान, वाटणीच्या दाव्यासाठी’ असं लिहिते. पंधरा सेकंद लागतात.

फोनवरच खुणा करणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. अँड्रॉइड फोनमधली क्रोमची फाईल आपल्याला सहजी उचलता येत नाही. तिथे सिंकचा खरा उपयोग आहे : फोनच्या खुणा सिंकनं संगणकावर आणायच्या आणि नक्कल संगणकावरून घ्यायची. मॅकवर सफारी वापरणाऱ्यांची फाईल लायब्ररीतल्या सफारी फोल्डरात असते, पण टर्मिनलला ‘फुल डिस्क ॲक्सेस’ दिल्याशिवाय ती हाती येत नाही.

अण्णांच्या खुणा नव्या लॅपटॉपवर बसल्या, तेव्हा त्यांनी विचारलं की पुण्याच्या पुतण्याला ही यादी देता येईल का. कुळवृत्तांताची पुढची जबाबदारी त्याच्याकडे आहे. तो फायरफॉक्स वापरतो आणि त्याला क्रोमची फाईल देऊन उपयोग नाही. त्यासाठी आम्ही क्रोमच्या बुकमार्क-व्यवस्थापकातून ‘एक्स्पोर्ट’ केलं. त्यातून निघते ती एचटीएमएल फाईल. तिच्या पहिल्या ओळीत आजही ‘नेटस्केप बुकमार्क फाईल वन’ असं लिहिलेलं असतं. नेटस्केप हा १९९४चा ब्राउझर, तो कधीच मागे पडला, पण त्याची ही मांडणी सगळ्या ब्राउझरांनी धरून ठेवली आहे आणि तीत कप्पे, नावं, पत्ते, तारखा सगळं राहतं. अण्णांनी ती ईमेलनं पाठवली. पुतण्यानं ती फायरफॉक्समध्ये घेतली, चिपळूणच्या कप्प्यात त्याच्याकडची तिथल्या मंदिराच्या जुन्या हिशेबांची पानं जोडली, आणि नवी फाईल अण्णांना परत पाठवली. ती आता नकलांच्या फोल्डरात तारीख घालून ठेवली आहे.